शिवानीच्या शेळ्या आणि कॅनडाचा जीएसटी

उत्पन्न या विषयातला माझ्याइतका जाणकार माणूस भोरमध्ये दुसरा नाही. हे मी म्हणत नाही, लोक म्हणतात. लोक म्हणायचे थांबले की मग मी म्हणतो. सगळी नोकरी मी पंचायत समितीच्या लेखा शाखेत काढली. धनगरवस्तीवरून खाली उतरून टेबल-खुर्चीवर बसलेला आमच्यातला पहिला मरगळे मी, सावळाराम मरगळे. निवृत्त झालो तरी दर जुलैत निम्मी आळी फॉर्म सोळा घेऊन माझ्या ओट्यावर येते. मी चष्मा लावतो, कागद लांब धरतो आणि "हं" म्हणतो. त्या "हं"वर लोकांचा फार विश्वास आहे.

त्यामुळे आमचे चिरंजीव सोमेश्वर यांनी कॅनडाहून फोन करून "अप्पा, शिवानीचं उत्पन्न किती लिहू?" असं विचारलं, तेव्हा मला घरच्याच मैदानावर खेळायला बोलावल्यासारखं वाटलं.

शिवानी म्हणजे आमची सून. पासलीच्या वर डोंगरात ढेबेवस्ती आहे, तिथली. लग्न झालं आणि सोमू लगेच कामावर परत विनिपेगला गेला. व्हिसा येईपर्यंत शिवानी माहेरी शेळ्या राखत राहिली, कारण भोरच्या दोन खोल्यांत आमचीच दाटी होते. दिवाळीनंतर ती तिकडे गेली. आणि आता तिकडचं सरकार विचारत होतं की ही बाई आमच्या देशात यायच्या आधी काय कमवत होती?

विचारण्याचं कारण असं की कॅनडातही जीएसटी आहे. मला हे ऐकून जरा बरं वाटलं. पण तिथे कमी उत्पन्नाच्या घरांना त्यातला काही भाग सरकार परत देतं. मला हे ऐकून जरा वाईट वाटलं. नवराबायकोचं उत्पन्न एकत्र धरतात, आणि बायको नुकतीच देशात आलेली असेल तर तिची आधीची कमाईही मांडावी लागते.

"बरेच मिळतात का रे?" मी विचारलं.

"बरेच नाही अप्पा. पण तिच्या ड्रायव्हिंगच्या क्लासची फी सुटेल. इथं गाडी येत नसली ना, तर माणूस घरात कोंडलं जातं." मग त्याने आवाज खाली आणला. "मी कामावर जातो तेव्हा ती खिडकीत बसलेली असते. परत येतो तेव्हाही तिथंच असते. अकरावा मजला आहे. खाली सगळा बर्फ. हल्ली फार बोलतही नाही."

ही पोर सकाळी शेळ्या घेऊन जी डोंगरात शिरायची ती दिवस कलल्यावर खाली यायची. एका जागी बसलेली ती मी फक्त लग्नात पाहिली, आणि तेव्हाही ती दोनदा उठून मांडवामागे कुणाची शेळी ओरडतेय ते बघून आली होती.

"काळजी करू नकोस," मी म्हणालो. "शून्य लिही. पण नुसतं लिहू नकोस. पुराव्याशिवाय शून्याला किंमत नसते. मी तिच्या शून्य उत्पन्नाचा सरकारी दाखला पाठवतो."

आमची सौभाग्यवती, साधना, मेथी निवडत होती. ती म्हणाली, "शून्य कसं? तिची शेरडं होती की."

"शेरडं म्हणजे उत्पन्न नव्हे, साधना," मी तिला समजावलं. "शेरडं ही शेरडं असतात. उत्पन्नाला पावती असते, तारीख असते, कपात असते."

मेथीच्या काड्या जरा जास्तच जोरात तुटू लागल्या.

आमच्या आळीत बातमी फुटायला माणूस लागत नाही. संध्याकाळपर्यंत 'मरगळेसाहेब जीएसटी परत मिळवून देतात' असं सगळीकडे झालं होतं. चपलांचे दुकानदार रोहिदास दुसऱ्या दिवशी भल्या सकाळी फ्रिजचं, पंख्याचं आणि मुलीच्या लग्नातल्या मांडवाचं बिल घेऊन हजर झाले. "अहो, हे कॅनडाचं आहे," मी म्हणालो. "मग काय झालं? फ्रिज पण बाहेरच्याच कंपनीचा आहे," रोहिदास म्हणाले. त्यांची समजूत घालता घालता माझा चहा गार झाला. आणि जाताना ते जे म्हणाले ते मी विसरलेलो नाही. ते म्हणाले, "राहू द्या. ज्यांच्या ओळखी आहेत त्यांनाच मिळतं."

खरी अडचण काढली इब्राहीमभाई आतारांनी. समोर त्यांचं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन अर्ज भरायचं दुकान आहे. माणूस सज्जन, पण सल्ला द्यायला लागला की गिऱ्हाईक विसरतो.

"शून्याचा दाखला अवघड आहे, साहेब," ते म्हणाले. "शून्य म्हटलं की समोरचा विचारणार, मग बाई खात होती काय?"

"माहेरी खात होती."

"मग माहेरचं उत्पन्न आलं."

"सासरी खात होती असं म्हणू."

"मग तुमची पेन्शन आली. ती तर चांगली आहे म्हणतात."

पेन्शनपर्यंत विषय गेल्यावर मी तो तिथेच थांबवला. पण इब्राहीमभाई आता थांबणाऱ्यातले नव्हते. "यात एकच रस्ता," ते म्हणाले, "तलाठ्यांनी वस्तीवर जाऊन चौकशी करायची, शेजाऱ्यापाजाऱ्यांचे जबाब घ्यायचे. चार माणसं म्हणाली की पोरगी काही कमवत नव्हती, की विषय संपला. मी येतो तुमच्याबरोबर. तुम्हाला बोलायला जमायचं नाही."

हे वाक्य त्यांनी मला, आयुष्यभर लेखापरीक्षणाच्या शंकांना उत्तरं दिलेल्या माणसाला, ऐकवलं. पण स्कूटर त्यांची होती.

त्या भागातल्या तलाठी म्हणजे अश्विनी मॅडम, वयाने तरुण आणि कामाला चोख. त्यांनी माझा अर्ज दोनदा वाचला. "अर्जदार कुठं आहेत?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "कॅनडात." "उत्पन्न कुठलं?" "इथलं. पण ते नाही." "मग जे नाही त्याचा दाखला हवाय?" "हो." त्यांनी पेन खाली ठेवून माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाल्या, "उद्या मला पासलीकडे जायचंच आहे. सकाळी लवकर वस्तीवर या. लोक सांगतील ते लिहीन. कमी नाही, जास्त नाही."

असा अधिकारी मिळायला भाग्य लागतं असं मला तेव्हा वाटलं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच आम्ही निघालो. सरकारी कामाला शोभावा म्हणून मी पांढरा शर्ट आणि तपकिरी कातडी बूट घातले होते. हे बूट साधनाने मला निवृत्तीच्या दिवशी दिले होते. मी ते समारंभालाच वापरतो आणि आल्यावर पुसून पुन्हा खोक्यात ठेवतो. चेलाडी फाट्यापर्यंत प्रवास थाटात झाला. वेल्ह्यात वडापाव झाला. त्यापुढच्या चढाला स्कूटरने एकदा खोकून जागा धरली. "मागचं वजन जास्त झालंय," इब्राहीमभाई पुढे बघत म्हणाले. मग त्यांनी स्कूटर चालवली आणि मी ती ढकलली, आणि पुण्याहून आलेल्या एका गाडीतल्या मंडळींनी आमचा फोटो काढला.

पासलीला स्कूटर लावून पायवाटेने वर चढायचं होतं. या वाटांवर मी लहानपणी अनवाणी पळालेला माणूस. तेव्हा पायांना कळत होतं, आता बुटांना कळत नव्हतं. वस्तीचं पाणी जिथे वाटेवर झिरपतं तिथे माझा उजवा बूट कोकणाकडे निघाला आणि डावा पुण्याकडे, आणि मी मध्ये बसलो. बसलो ती जागा शेळ्यांच्या रोजच्या वहिवाटीची होती. वर बघतो तर सबंध ढेबेवस्ती कठड्यावर उभी राहून आमचं आगमन बघत होती. अश्विनी मॅडम आधीच पोचल्या होत्या आणि त्यांच्या हातात ताकाचा पेला होता.

आता इथे मला एक गोष्ट सांगायला हवी, जी मला त्या सकाळी आठवायला हवी होती. आमच्या वस्त्यांवर मुलीच्या सासरचा माणूस जर सोबत परका, लिहिणारा माणूस घेऊन आला, तर त्याचा अर्थ एकच असतो. मुलीत काहीतरी खोट काढायची आहे. चार लोकांसमोर ती खोट बोलून घ्यायची, पंचांना साक्षी ठेवायचं आणि मुलगी माहेरी परत पाठवायची. हे मला जन्मापासून माहीत आहे. पण फाईल हातात आली की माणूस जन्मापासूनचं विसरतो.

मी घसा साफ केला आणि म्हणालो, "मंडळी, काम छोटंसं आहे. आमची सून शिवानी कॅनडाला जाईपर्यंत काही करत नव्हती, काही कमवत नव्हती, एवढं फक्त मॅडमना सांगायचं आणि खाली सही-अंगठा करायचा."

शिवानीची आई सारजाबाई हंडा घेऊन उभी होती. तिने हंडा खाली ठेवला.

"काय म्हनला, पाव्हणं?"

मी तेच पुन्हा, जरा मोठ्याने म्हणालो. ऐकू गेलं नसेल असं मला वाटलं.

भिमाबुवा हे वस्तीचं सगळ्यात म्हातारं माणूस. ते काठी टेकत पुढे आले. "सावळ्या," ते म्हणाले, "तुजा बाप ह्या दगडावर बसून आमच्यात ताक पीत हुता. आन् तू आज आमची पोर बिनकामाची हाय म्हून लिवून न्यायला सायेबीण आणलीस व्हय?"

"तसं नाही भिमाबुवा, ते जीएसटीचं..."

"गप ऱ्हा! बाई, तुमी लिवा. आमची पोर काय करत न्हवती त्ये आमी सांगतो. लिवा, शेरडं राखत हुती. चाळीस!"

"पन्नास!" मागून कोणीतरी ओरडलं.

"साठाला एक कमी," सारजाबाई म्हणाली. आणि आईच्या वर बोली लावायची कुणाची हिंमत झाली नाही.

मग जे सुरू झालं त्याला चौकशी म्हणणं कठीण आहे. शिवानी करवंदाच्या दिवसांत केळदच्या रस्त्याला बसून पुण्याच्या गाड्यांना करवंदं विकत होती. मढे घाट बघायला येणाऱ्यांना पिठलं-भाकरी करून देत होती. पेरणीआधी लोकांच्या खाचरात शेळ्या बसवायची, त्यांच्या लेंड्यांचं खत व्हायचं आणि त्याचे भाताच्या शेतकऱ्याकडून वेगळे पैसे यायचे. कोंबड्या वेगळ्या, तूप वेगळं. प्रत्येक जण एक वाक्य बोलायचा आणि माझ्याकडे एकदा बघायचा. अश्विनी मॅडम मान खाली घालून सगळं लिहीत होत्या. कमी नाही, जास्त नाही. मी इब्राहीमभाईंकडे आशेने बघितलं. ते म्हणाले, "पोरगी फारच कर्तबगार आहे हो, साहेब."

या सगळ्यात एकच माणूस बोलत नव्हता. शिवानीचे वडील, गेणू ढेबे. ते तसेही फार बोलत नाहीत. कुंपणाशी एका करडाच्या पायातला काटा काढत बसले होते. मात्र त्यांनी एकदा मान वर करून माझ्याकडे पाहिलं. भिमाबुवांची शिवी परवडली असती.

"आन् अर्धलीची येगळीच," भिमाबुवा म्हणाले.

"अर्धलीची म्हणजे?" मॅडमनी विचारलं.

"म्हंजी शेळी तुमची, राखायची आमी. व्याली की पिलं निम्मी तुमची, निम्मी आमची. खालचं लई लोक शिवानीकडं देत हुतं. तिच्या हाताला यश हुतं."

"कुणाकुणाच्या होत्या?"

"पासलीच्या मास्तरांची एक. किराणावाल्याच्या दोन. आन् एक ह्येंच्या घरची."

त्यांचं बोट माझ्याकडे होतं. मी मागे वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं.

"माझ्या घरची?"

"तुमच्या साधनाबाईंची की," सारजाबाई म्हणाली. "पांढऱ्या कानाची, लग्नाच्या कितीतरी आधीपास्नंची. दोनदा जुळी दिली तिनं. तुमाला ठावं न्हाई? आवो, त्या बोकडाच्या पैशातनंच तर तुमचं ह्ये बूट आलं!"

सगळ्या वस्तीने माझ्या बुटांकडे पाहिलं. मीही पाहिलं. ते त्या वेळी बरेचसे शेळ्यांचेच दिसत होते. अश्विनी मॅडम सौम्यपणे म्हणाल्या, "म्हणजे साहेब, हे आपल्याकडचंही उत्पन्नच झालं." आयुष्यात मी पुष्कळांना हे वाक्य ऐकवलं आहे. ते ऐकायला कसं लागतं हे मला त्या दिवशी कळलं.

मॅडमनी बेरीज केली आणि त्यांच्या भुवया वर गेल्या. "अहो, हे तर चांगलंच झालं की. पण मग एवढी कमाई असेल तर तुमच्या रेशन कार्डाचं मला बघायला लागेल."

भिमाबुवा खाकरले. "तशी साठ न्हवती म्हना," ते म्हणाले. "मधी बिबट्यानं लई न्हेली." मग बाकीच्यांनाही बिबट्या आठवला. चार वाक्यांत त्याने निम्मा कळप फस्त केला. कोंबड्या मुंगसाने नेल्या. करवंदांवर रोग पडला. एका सकाळी एवढी हानी या डोंगरात कधी झाली नसेल. सारजाबाई मात्र हटायला तयार नव्हती. "कार्ड गेलं तर जाऊ द्या," ती म्हणाली, "पर माजी पोर रिकामी बसत हुती आसं म्या म्हननार न्हाई." तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. आणि तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात उजेड पडला की ही बाई मघापासून काय समजून बसली आहे.

मी समजावायला गेलो, पण आता माझं ऐकणार कोण? शेवटी इब्राहीमभाई म्हणाले, "जिची कमाई, तिलाच विचारा ना." इतका वेळ आम्ही एवढी माणसं जमलो होतो, आणि हे कुणालाच सुचलं नव्हतं.

वस्तीच्या वर एक मोठा दगड आहे, तिथेच मोबाईलला रेंज येते. सगळी मिरवणूक तिकडे गेली. व्हिडिओ कॉल लागला. शिवानीच्या अंगात सोमूचा जाड स्वेटर होता. मागे खिडकी, खिडकीबाहेर रस्त्याच्या दिव्यांत बर्फ पडत होता. पोर वाळली होती.

"शिवाने!" सारजाबाई फोनवरच ओरडली. "तुला परत धाडत्यात का गं?"

"न्हाई गं आये! कोन म्हनलं?"

"तुजा सासरा आलाय, तू काय करत न्हवतीस आसं लिवून न्ह्यायला."

शिवानीने माझ्याकडे बघितलं. "मामा?" ती म्हणाली. एवढंच.

मी घाईघाईने सगळं सांगितलं. परतावा, क्लासची फी, शून्य आणि शून्याचा दाखला. ऐकताना सारजाबाईने पदराने डोळे पुसले आणि वस्तीने सुस्कारा सोडला. पण शिवानीने स्वेटरच्या बाह्या खाली ओढल्या आणि खिडकीबाहेर बघितलं.

"मामा, शून्य नका लिवू," ती म्हणाली. "हितं आल्यापास्नं म्या शून्यच हाय. कोनी इचारलं काय करतीस, तर काय न्हाई. दूध आणायचं तरी ह्यांची वाट बघायची. तिकडं म्या काय केलं त्ये तरी ऱ्हाऊ द्या."

मला लाज वाटली. तिला घराबाहेर काढायला निघालो होतो मी, आणि सुरुवात तिला पुसून टाकण्यापासून केली होती. मी म्हणालो, "नाही लिहीत बाळा. चुकलं माझं." हे शब्द मी चारचौघांत यापूर्वी म्हटल्याचं मला स्मरत नाही. इब्राहीमभाईंनाही स्मरत नसावं, कारण त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं.

मग शिवानीच म्हणाली, "आन् दाखला कुनी मागितलाय, मामा? शेजारच्या पंजाबी मावशींनी आन् म्या फॉर्म वाचून काढला. आपली कमाई आपन खरी लिवायची, बस. कागद त्येंनी मागितला तर मग द्यायचा. ह्यांनी फॉर्म न वाचताच तुमाला फोन लावला." तिच्यामागून जाणाऱ्या सोमूचे फक्त पाय दिसत होते. ते जागेवर थांबले आणि हळूच मागे गेले.

मग तिने स्वतःचा हिशेब सांगितला. शेळ्या साठही नव्हत्या आणि बिबट्याने उरवल्या तेवढ्याही नव्हत्या. आपल्या किती, अर्धलीच्या किती, कुणाचं पिल्लू विकलं आणि कुणाचं ठेवलं, सगळं तिच्या तोंडपाठ होतं. अश्विनी मॅडम ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "हे पटतंय. आणि यात रेशन कार्डाला काही धोका नाही." वस्ती सावरली. बिबट्यानेही बरीच जनावरं परत केली असावीत.

"आता त्याचे डॉलर किती झाले ते सांगा," भिमाबुवा फुशारून म्हणाले.

इब्राहीमभाईंनी मोबाईलवर हिशेब केला आणि आकडा सांगितला. ऐकून सगळे त्यांच्याकडे बघतच राहिले.

"परत कर," भिमाबुवा म्हणाले. "बटण चुकलं आसंल."

परत केला. तेवढाच आला.

"म्हंजी आमच्या पोरीची ही सगळी वरसाची राबणूक, हितं डोंगर पायाखाली घातला ती, तिकडं किती?"

"आमच्या एका महिन्याच्या घरभाड्याइतकी, भिमाबुवा," सोमू दिसत नव्हता, पण त्याचा आवाज आला. "त्यालाही थोडी कमीच पडेल."

ढेबेवस्तीचा एवढा अपमान बिबट्याने केला नव्हता, मीही केला नव्हता. भिमाबुवांनी कॅनडाबद्दल जे उद्गार काढले ते इथे देत नाही. पण या अपमानातच आमची सोय होती. खरा आकडा लिहिला तरी घर कमी उत्पन्नातच बसत होतं आणि परतावा मिळायला आडकाठी नव्हती. म्हणजे ज्या शून्यासाठी मी डोंगर चढलो, बूट घालवले आणि व्याह्यांच्या दारात जवळजवळ सोयरीक मोडली, त्याची कुणालाच गरज नव्हती. अश्विनी मॅडमनी माझ्या अर्जावर 'अर्जदाराने मागणी मागे घेतली' असं लिहून माझी सही घेतली. आयुष्यात मी मागे घेतलेला हा पहिला अर्ज.

घरी आल्यावर मी बूट ओट्यावर काढले आणि कडक आवाजात विचारलं, "साधना, तू माझ्यापासून उत्पन्न लपवलंस?"

"लपवलं कुठं?" ती म्हणाली. "तुम्हीच म्हणाला ना, शेरडं म्हणजे उत्पन्न नव्हे?"

यावर कायद्यात काही तरतूद आहे का हे मी अजून शोधतो आहे. पांढऱ्या कानाच्या शेळीची चौकशी मी त्यानंतर केलेली नाही. रोहिदासांनी ते बूट पाहिले आणि म्हणाले, "हे आता धुऊन जायचे नाहीत." आणि मला त्यांच्या दुकानातल्या साध्या चपला दिल्या, बाजारभावाने, जीएसटीसकट.

परतावा यायला वेळ लागला, पण आला. शिवानीने क्लास लावला. शिकवणाऱ्याने पहिल्याच दिवशी विचारलं म्हणे की आधी काय चालवलंय, आणि ती म्हणाली, "शेळ्या." सोमू सांगत होता की तिच्या गाडीला अडथळा आला तर ती हॉर्न वाजवत नाही, काच खाली करून "ह्यॅ, हुर्र" करते, आणि विनिपेगचे लोक बाजूला होतात. त्यातलं खरं किती ते देव जाणे.

मे महिन्यात त्याने एक व्हिडिओ पाठवला. तिकडचा बर्फ वितळला होता. गाडी शिवानी चालवत होती आणि सोमू शेजारी बसून तो काढत होता. शहर मागे पडलं होतं. दोन्ही बाजूंना आभाळ टेकेपर्यंत सपाट जमीन आणि कोवळं गवत होतं. शिवानी गात होती. काय गात होती ते वाऱ्यामुळे ऐकू येत नव्हतं.

तो व्हिडिओ मी फोनमध्ये घेतला आणि एकटाच ढेबेवस्तीवर गेलो. यावेळी हातात फाईल नव्हती, बरोबर लिहिणारं कोणी नव्हतं. सारजाबाई पाणी भरायला गेली होती. गेणू ढेबे कुंपणाशी उभे होते. मी फोन त्यांच्यापुढे धरला.

त्यांनी व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला. मला वाटलं ते गाडीबद्दल विचारतील, रस्त्याबद्दल विचारतील.

"पाव्हणं," ते म्हणाले, "येवढं गवत, आन् शेरडू एक न्हाई?"

"नाही दिसत," मी म्हणालो.

ते पुन्हा फोनकडे बघत राहिले. शिवानी हसली तिथे त्यांनी बोटाने काच पुसली, जणू धूळ बसली होती.

"न्हाई तर न्हाई," ते म्हणाले. "माजी पोर तर सुटली रानात."

आणि मला व्हिडिओ पहिल्यापासून लावायला सांगितला.